वीस खाचा आणि तीन ठोके

एक लाकडी मोगरी. पितळेची कडी. ओली चूल. न तोडलेली तिवरे.

मित्रांनो, या चार गोष्टींचे आपसात काहीतरी शिजत होते, असा मला संशय होता.

मी एका होडीची जुनी डोलकाठी आहे. इंजिन आले, शीड उतरले. मग गणू कोळ्याने होड्या बांधण्यासाठी मला पनवेलच्या खाडीत, धक्क्याजवळ रोवले. दर नारळी पौर्णिमेला त्याची बायको सोनाबाई, भरती जिथवर चढे तिथे माझ्या अंगावर खाच पाडून शेंदूर भरी. ओहोटीला गणू मोगरीने माझ्या डोक्यावर तीन ठोके घाली, वर्षभर हलू नये म्हणून. मला तो मानच वाटे.

खाचा मात्र दरवर्षी वर सरकू लागल्या. गेल्या पौर्णिमेला पाणी घरात शिरून चूल भिजली. सोनाबाई म्हणाली, चूल ओट्यावर घ्या, आणि घरापुढची तिवरांची झाडे लाटा अडवतात, त्यांना हात लावू नका. गणूला नेमकी तिथेच बोंबील वाळवायला जागा हवी होती.

"पानी नाय वाढला," तो साऱ्यांना सांगत सुटला, "काठी रुतलीय."

लबाड, मी मनात म्हटले. मग मोगरी आठवली, आणि मी स्वतःकडेच संशयाने पाहू लागले.

त्यांची मुलगी निशा कॉलेजात शिकते. तिने कोणाचेच न ऐकता स्वतः माप घेतले. होडीचा दोर अडकवायची माझी पितळी कडी पूर्वी धक्क्याच्या दगडी पायरीच्या बरोबरीला होती. आता ती वीतभर खाली होती. म्हणजे मी वीतभर रुतले होते. पण पहिलीपासून विसावीपर्यंत खाचा चढल्या होत्या वीत आणि वर चार बोटे. ती चार बोटे पाण्याची, निशा म्हणाली. कोळशाच्या आणि तेलाच्या धुराने जग तापते, तापलेला समुद्र फुगतो, बर्फ वितळून त्यात भर पडते.

गणू हसला. चार बोटांसाठी एवढे?

"हसा तुमी," सोनाबाई म्हणाली. "चार बोटं पानी चुलीत आला, तरी इस्तव इझतो."

गणूने चुलीसाठी आठवड्याने ओटा बांधला. तिवरे उभी आहेत. मोगरी माळ्यावर गेली; ती उतरते का, यावर माझी नजर आहे.

मित्रांनो, माझ्यावर जरूर शंका घ्या. पण शंका घेऊन घरी बसू नका. पायरीशी या, मापा, आणि जे निघेल त्याप्रमाणे वागा.

मला रोवले त्या वर्षी भरतीचे पाणी सोनाबाईच्या उंबऱ्यापासून अकरा पावले दूर थांबले होते.