खोलातली प्रवाळं

तुम्ही मारलंत त्यांना. ‘स्थलांतर’ हा शब्द तुमच्या फलकावर राहू द्या, इथे नको.

बंदराचा धक्का वाढवायचा म्हणून तिथली उथळातली आणि खोलातली प्रवाळं तुम्ही हलवायची ठरवलीत. प्रयोगशाळेतली ताई भर बैठकीत घसा फोडून सांगत होती, "खोलातली खोलातच लावा. प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं, तेच त्याला जेवू घालतं. उथळातलं शेवाळ उन्हाला सरावलेलं असतं. खोलातलं अंधुक निळ्या उजेडावर वाढलेलं, वर आणलंत तर करपेल. मग प्रवाळ त्याला हाकलतं आणि स्वतः उपाशी मरतं."

तुम्ही हसलात. "अहो ताई, उजेड जास्त म्हणजे जेवणही जास्त! आणि काचेच्या तळाच्या होडीतून पाहुण्यांना काय अंधार दाखवायचा?"

सगळी एकाच उथळ खडकावर लावलीत.

खोलातली वर आणली ताईच्या थोरल्या भावाने, दादाने. पाणबुड्या तो. होडीच्या उद्घाटनाची घाई तुम्हाला. वर येताना मध्ये थांबायचं असतं, ती उसंतही दिली नाहीत. रक्तात बुडबुडे धरले आणि कमरेखालचा दादा गेला.

परवा ताईने पाण्यात डोकं घातलं. उथळातली प्रवाळं होती तशी तपकिरी. दादाने आणलेली पांढरीफटक, कुठे कुठे बुडाशी जरासा रंग. तशीच ती तुमच्याकडे धावली, "अजून धुगधुगी आहे, खाली नेऊ द्या." तुम्ही म्हणालात, "पाहुणे येऊन जाऊ देत."

घरी गेली तर दादा खाटेवरून ओरडला, "या मास्तरीणबाई! माझ्या पोरी काय म्हणतात?"

"स्वतःच्या पायांची एवढी चौकशी नाही, दगडांची मेली रोज!" वहिनी आतून म्हणाली.

"दगड नाहीत गं. पाय तिथे लावून आलोय, उगवतात का बघतोय."

वहिनी हसली. ताईला हसू फुटेना.

"बऱ्या आहेत ना?"

"आहेत."

"तोंड का पाडलंस मग? जाऊ दे, रविवारी मीच बघतो. दोस्त उचलून नेणार आहेत मला, त्या काचेच्या होडीत."

ताईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

रविवारी तो काचेवर ओणवा होईल. खाली पांढरी हाडं दिसतील. मान वर करून विचारेल, "ह्याच्यासाठी गेले माझे पाय?" शेजारी ताई असेल, पण उत्तर तिने का द्यावं? होडी तुमची, खडक तुम्ही निवडलात, घाई तुमची. त्या दिवशी होडीत बसा आणि त्याच्या तोंडावर सांगा.

काय सांगणार आहात?