खिळ्याखालची जागा

बायकोच्या ऑफिसातून फोन आला, “बाई खुर्चीतच गेल्या.” मी धावत निघालो. पण दाराशी जाताना वाकूनच गेलो. नाहीतर दोरे तुटले असते.

आमच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरे होते. लाल, माझ्याच शिलाईच्या दुकानातले. ती शाळांच्या परीक्षा तयार करायची. एका भिंतीवर कार्डं लावलेली, मुलाला काय यायला हवं त्याची. ते येतं हे कशावरून ओळखायचं, ती कार्डं मधे दोऱ्याला चिमट्यांनी अडकवलेली. समोरच्या भिंतीवर खिळे आणि खिळ्याखाली प्रश्न. सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे, म्हणायची.

“अहो, खिडकी नका उघडू. कार्डं हलतात.”

“मग श्वास तरी घेऊ का?”

“हळू घ्या. कोळीण मी, माशी तुम्ही.”

प्रत्येक प्रश्न आधी मला घालायची. मी अंदाजाने बरोबर सांगितलं की कपाळाला हात लावायची. “तुम्हीसुद्धा ठोकून दिलंत? गेला प्रश्न!” आणि कार्ड फाडायची.

ती गेल्यावर महिन्याभराने तिच्या जागेवरच्या मॅडम आल्या. फोटो काढले, कार्डं उतरवली. एकापाशी थांबल्या. ‘आपलं चुकलं हे स्वतःला कळतं.’

“दादा, याचा प्रश्न कुठाय?”

“सापडत नव्हता तिला. ‘तपासून पाहा’ म्हणाली की मी तपासल्यासारखं करायचो. चुकायचो, पण कळायचं नाही.”

त्या हसल्या. मग म्हणाल्या, “काढते हे. पेपर छपाईला जायचाय.”

“काढलं तर?”

“काही नाही. हे मुलांना येतं का, ते बघायचं नाही, एवढंच.”

“राहू द्या ना.”

“प्रश्न द्या, ठेवते.” खरंच थांबल्या.

मी डोकं खाजवलं. कापड चुकीचं बेतलं की कात्री हातात जड होते, एवढं मला माहीत आहे. पण त्याचा प्रश्न होईना.

पेपर त्या कार्डाशिवाय छापला गेला. बाकीचे दोरे मॅडमनी गुंडाळून परत दिले. त्या कार्डाचा एक मी उतरवू दिला नाही. खिडकी आता उघडता येते, पण उघडत नाही. दुकानात जाताना वाकतो. दोरा समोरच्या खिळ्यापर्यंत गेला आहे. खिळ्याखाली प्रश्न लावायचा राहिला आहे.