आंदणातली शेवंती

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. डोंबिवलीच्या त्या घरात दर रविवारी मंडळी जमायला लागली, तेव्हापासून शेवंतीच्या मनात पाल चुकचुकत होती. वासंती कॉलेजात इतिहास शिकवायची. तिच्याकडे ठाण्याचे एक वकील यायचे आणि समाजशास्त्राचे एक प्राध्यापक. गुलामगिरी आणि स्वातंत्र्य यांवर तिघांनी मिळून मोठा ग्रंथ लिहायचा घाट घातला होता. शेवंतीला त्याचं काय! ती आपली पोह्यांच्या बशा ठेवायची नि आत जायची.

त्या रविवारी मात्र बशा घेऊन येताना ती दाराशीच थबकली.

"कायद्याने गुलामी केव्हाच संपली," वकील म्हणत होते. "मग लग्नात आंदण म्हणून आलेली पोर कोण? मोलकरीण?"

"मोलकरीण काम सोडून जाऊ शकते," प्राध्यापक म्हणाले. "ही कुठे जाणार?"

वासंतीच्या आजीचं लग्न झालं तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर एवढीशी शेवंतीही आंबिवलीहून पाठवली होती. म्हणजे हे आपल्याबद्दलच! हात चालेनासे झाले, आता कुठल्या तरी आश्रमात नेऊन टाकायचा बेत दिसतोय. आणि जिला कडेवर वाढवली ती वासू गप्प बसून ऐकतेय!

मंडळी गेल्यावर तिने वासंतीला गाठलं. "मला घालवायचं चाललंय ना?"

"अगं मावशी, भलतंच काय! पुस्तकासाठी बोलत होतो. तुझी हकीकत लिहू का? तुझ्या खऱ्या नावानिशी?"

खरं नाव? शेवंतीने तिच्याकडे रोखून पाहिलं. शेवंती हे नाव या घराण्याने ठेवलेलं. आईने ठेवलेलं निराळं होतं. ते हिला कुणी सांगितलं? की सहजच बोलून गेली?

"शेवंतीच लिही," ती म्हणाली. दुसरं नाव तिने ओठांवर येऊ दिलं नाही.

पुढच्या रविवारी तिने शेगडी पेटवलीच नाही. लुगडं सावरून ती बाहेर आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. वकील बोलता बोलता थांबले.

"बोला की. माझंच चाललंय ना?"

"मी चहा टाकते," म्हणत वासंती घाईने आत गेली. वकिलांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली, पण आवाज जरा खालचाच लावला.

शेवंतीने खुर्ची पुढे ओढली.