फळीवरच्या वाटाघाटी

हसू नका, मी फळीच बोलतेय. सागाची, हातभर रुंद, एका अंगाला जराशी वाकडी. वाशीशेजारच्या एका खाडीकाठच्या गावात होडी आणि धक्का यांच्यामध्ये मी पडलेली असे. खाली मांडीभर चिखल, वर माणसं.

जन्म माझा देवजी नाखव्याच्या मचव्यात, म्हणजे मोठ्या होडीत. मचवा मोडला, बाकीच्या बहिणी चुलीत गेल्या, मी तेवढी धक्क्यावर आले. शिक्षण म्हणाल, तर माणसं होडीत बोलणं सुरू करायची आणि धक्क्यावर संपवायची. मधलं काय ते माझ्या पदरात. म्हणून माझी विद्या सगळी अधलीमधली. खोड्यांत मात्र पहिला नंबर! कडक इस्त्रीवाला आला की मी मधोमध अशी झुलायची, की त्याला कुलदैवत आठवलंच पाहिजे.

स्वातंत्र्याला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. विद्यापीठातले एक पाहुणे प्राध्यापक गावच्या शाळेत व्याख्यानं द्यायला येऊ लागले. पहिल्या दिवशी मानवी हक्क, दुसऱ्या दिवशी लोकशाही, तिसऱ्या दिवशी शांततेच्या वाटाघाटी. मानवी हक्क माझ्यावरून उतरले, तेव्हा त्यांच्या एका हातात चपला होत्या आणि दुसऱ्या हातात होडीवाल्याचा सदरा.

पाहुण्यांना वास नको म्हणून सरपंच गोटीरामने धोंडूबाई आणि तिच्याबरोबरच्या कोळणींना धक्क्यावरून उठवलं. "दोन दिसांची तं गोष्ट हाय!" पण रिकामा धक्का त्याला इतका गोरागोमटा दिसला, की तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता तिकडं मिठागराकडंच बसा. कायमच्या."

मिठागराकडे गिऱ्हाईक कुठलं? तिथे बगळे. आणि बगळे काही मासळी विकत घेत नाहीत.

धोंडूबाईने टोपली डोक्यावर घेतली. होडी लागत होती. ती तरातरा माझ्यावर चढली आणि मधोमध उभी राहिली. समोरून प्राध्यापक. डोक्यावर भार त्याला पहिली वाट, हा आमच्या फळीचा जुना कायदा. तिला ढकलणार कोण?

"धोंडूबाय, हट गो! पावना उभा हाय!" गोटीराम धक्क्यावरून ओरडला.

"मी नाय हटनार. मास्तर, आज तुमी वाटाघाटींवर बोलनार ना? मंग वाटे लावनाऱ्या बायाच उठवल्या, तं बोलनार कुनाला?"

आमच्याकडे वाटा म्हणजे विकायला मांडलेला मासळीचा ढीग. तिलाच कशाला हसू, वाटाघाटी म्हणजे या वाट्यांचंच काहीतरी, असं मलाही तोवर वाटत होतं.

प्राध्यापक म्हणाले, "ते वाटे नव्हेत हो बाई. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एकत्र बसून मार्ग काढायचा, त्याला वाटाघाटी म्हणतात."

"बसून?"

"हो, बसून."

"मंग बसा." तिने टोपली उतरवली आणि फतकल मारली.

प्राध्यापकांनी चिखलाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि पांढऱ्या पाटलोणीसकट बसले. माणूस मला आवडला. "सरपंच, दुसरी बाजू तुमची. या."

गोटीराम येऊन माझ्यावर टेकला. अंगापिंडाने चांगला भरलेला. म्हटलं, आता माझी पाळी. करर्र!

"मोडंल गो ही!"

"मोडू दे. तू बी चिखलात, मी बी. मी तं रोजचीच हाय."

"आगो, पन वास... पावन्याला..."

"मला बोंबील फार आवडतात," पाहुणे म्हणाले. "कुठे मिळतात, तेच विचारणार होतो."

गोटीराम उठायला जरा हलला, की मी पुन्हा करर्रर्र!

"बसा गो, धक्क्यावरच बसा! आदी मला उतरू दे!"

"कायमच्या?"

"कायमच्या!"

"मोठ्यानं बोल दादा, सगल्या बायांना आयकू दे."

तो असा ओरडला, की मिठागरावरचे बगळे उडाले.

खरं सांगू? मी मोडणार नव्हते. भरलेल्या टोपल्यांची अख्खी रांग पेललीय मी. नुसती करकरले.

त्या संध्याकाळी शाळेत कोळणी पहिल्या रांगेत बसल्या म्हणे. प्राध्यापक काय बोलले ते मला ठाऊक नाही; शाळा माझ्या हद्दीबाहेर.

पुढे मी खरोखरच कुजले आणि नवी फळी आली. गोटीराम म्हणाला, जळणाला द्या. धोंडूबाई म्हणाली, "हात तं लाव!" तिने मला धक्क्यावर दोन दगडांवर टेकवलं. आता माझ्यावर तिचे वाटे लागतात.

या, घासाघीस करा, पिशवी भरून न्या. पण या बायांना 'उठा' म्हणायचं असेल, तर आधी माझ्यावर बसून बोला. करकरायला मी अजून तयार आहे. आणि हल्लीचं करकरणं खरं की खोटं, ते मलाही सांगता येत नाही.