दहा आकडे मोजा, मग मला बुडवा

मी एक तार आहे. लाकडी मुठीत बसवलेली, टोकाला मोहरीएवढं कडं. नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला लूप म्हणतात. नमुन्यातले जंतू उचलून, ते वाढावेत म्हणून खाद्य घातलेल्या प्लेटवर पेरायचे, हे माझं काम. त्याआधी ज्योतीत लालबुंद व्हायचं, म्हणजे आधीचं काही अंगाला चिकटून राहत नाही. हा माझा नेम, तो मी कधी मोडला नाही. जळण्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार सरांबद्दल आहे. माझ्या अकरा बहिणी त्यांनी कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या. का, तर मुली वाकवून ठेवतात म्हणे. बाहेर मी एकटी आणि रांगेत चाळीस मुली. "आटपा, आटपा. पुढची," सर घड्याळाकडे बघत म्हणायचे. मला निवायला उसंत कुठली? तशीच धगधगती वॉर्डातून आणलेल्या पुवात खुपसायच्या. चर्र व्हायचं आणि जंतू जागच्या जागी मरायचे. माझ्याच हातून.

दुसऱ्या दिवशी चाळीसही प्लेटा कोऱ्या. सर खूश. "वहीत लिहा, जंतूंची वाढ नाही."

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. "सर, नमुना आणायला मीच गेले होते. त्या आजोबांच्या जखमेला वास येत होता."

"आता तू मला शिकवणार का?"

वर्ग हसला. ती बसली. मी मात्र थंड असूनही तापले. सोमवारपासून याच मुली वॉर्डात जाणार. असंच कोरं लिहून देतील आणि आजोबांना औषध मिळणार नाही. पापाची धनीण मी?

काचा धुणाऱ्या मावशी सगळं ऐकत होत्या. वर्ग रिकामा झाल्यावर त्या चष्मेवालीला म्हणाल्या, "अगं बाई, कढत दुधात विरजण लावतं का कोणी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला तापवलं, ज्योतीबाहेर काढून धरलं आणि पुटपुटत दहा आकडे मोजले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझ्यासाठी थांबलं. नळीत उरलेल्या पुवात तिने मला हलकेच टेकवलं आणि नव्या प्लेटवर फिरवलं.

सकाळी तिची प्लेट सरांच्या टेबलावर होती, वाढलेल्या जंतूंच्या पिवळ्या ठिपक्यांनी भरलेली. सरांनी ती उजेडाकडे धरून दोनदा पाहिली. शेवटी खिशातली किल्ली काढून त्यांनी मावशींपुढे धरली. "कपाट उघडा. आणि पोरींनो, कालची ओळ खोडा."

आता आम्ही बाराजणी आहोत. तरी घाईत एखादी विसरतेच आणि चर्र होतं. बाळांनो, मला खुशाल जाळा. पण नंतर दहा आकडे मोजा. तेवढ्यात मी निवते. तेवढ्यात कुणाचे तरी आजोबा वाचतात.