पाहुण्यांचे चार टक्के

कर मंजूर झाला, तर डोरीन वाशेकचा फायदा सरळ होता: कराच्या पैशातून हायवेवर पर्यटकांसाठी पाटी. त्या पाटीपायी रोज दोन खोल्या जास्त लागल्या असत्या, तरी मोटेलच्या मागच्या बाजूचं गळकं छत बर्फ पडायच्या आत नवं झालं असतं. धोका काय होता, हेही तिला ठाऊक होतं. अख्ख्या ऑर्डवे काउंटीत तो तिच्या एकटीलाच ठाऊक होता.

काउंटीत मोटेल एकच, तिचं, खोल्या सोळा. खोलीच्या भाड्यावर चार टक्के कर घ्यायचा आणि तो पर्यटनवाढीला लावायचा, असा ठराव होता. पर्यटन म्हणजे वसंतात नदीवर उतरणारे क्रौंच पक्षी, आणि मग उरलेलं वर्षभर त्यांची वाट बघणं.

मंगळवारी कोर्टहाउसात सुनावणी झाली. जनता म्हणजे डोरीन आणि ऊब शोधत आलेले एक आजोबा. समोर काउंटी मंडळाचे तिघे सभासद: अध्यक्ष लेलँड कुबात, मक्यात आणि गुरांत जन्म गेलेला, आर्लिस थोर्सन, निवृत्त शाळामास्तरीण, आणि खताचं दुकान चालवणारा वेन.

"आपल्या माणसाच्या खिशाला हात लागणार नाही," लेलँड म्हणाला. "बाहेरचा येईल, झोपेल, पैसे देईल, जाईल. काय गं डोरीन?"

डोरीनने कॉफीच्या कपात पाहिलं. बाहेरचा येतो, झोपतो, जातो, इथवर लेलँडचं बरोबर होतं.

पैसे मात्र तो देत नसे. लेकीचं लग्न असो की आईचं दफन, डेन्व्हरहून, ओमाहाहून आलेले नातेवाईक मोटेलवर उतरायचे, आणि ते उठायच्या आत यजमान मागच्या दाराने येऊन बिल चुकतं करून जायचा. "त्यांना सांगू नकोस हं. गावात तर मुळीच नको." केलेलं बोलून दाखवणं म्हणजे या लोकांत अगदीच हलकेपणा. त्यामुळे झालं असं, की एवढा दिलदार आपण एकटेच, बाकीच्यांचे पाहुणे आपापलं बघत असणार, अशी घरोघर समजूत. समोर बसलेले तिघेही त्याच मागच्या दाराची जुनी गिऱ्हाइकं होती.

बोलावं, तर तिघांना दिलेला शब्द मोडणार आणि पाटीही जाणार. गप्प बसावं, तर बिलावरची नवी ओळ एक दिवस त्यांना टोचणार. मग पाहुणे घरच्या सोफ्यावर आणि मोटेल ओस.

"झोपलीस की काय?" लेलँडने विचारलं.

"नाही रे. जो बिल देईल तो कर देईल, एवढंच म्हणते."

"अगं, मी तरी दुसरं काय सांगतोय!" तिघे हसले. ठराव एकमताने मंजूर.

जुलैत कुबात घराण्याचा मेळावा भरला. नऊ खोल्या. रविवारी उजाडताच लेलँड मागच्या दाराने आत आला, टोपी काढली, चेकबुक काढलं आणि बिलावर थबकला.

"हे खाली काय लावलंयस?"

"चार टक्के."

"ते पाहुण्यांनी द्यायचे ना?"

"मग उठवते तुझ्या मेव्हण्याला. त्याच्याकडून घेते."

"हळू बोल गं बाई!"

तेवढ्यात दार पुन्हा वाजलं. एका हातात कोलाचेंची, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांची ताटली, दुसऱ्या हातात चेकबुक, अशी आर्लिस दारात उभी. तिच्या लेकाचे सासू-सासरे सहा नंबरात होते.

"मी... हे कोलाचे द्यायला आले होते," ती म्हणाली.

"मी कॉफी प्यायला," लेलँड म्हणाला.

डोरीनने दोघांना कॉफी ओतली.

"तू पण का, आर्लिस?"

"मी पण काय? आधी ते चेकबुक खिशात घाल, मग विचार."

लेलँडने मोर्चा डोरीनकडे वळवला. "आणि वेन?"

"मी कोणाचं बोलत नाही. तुझं कधी बोलले?"

"हा कर रद्द करायला हवा."

"कर की. भरसभेत कारण तेवढं सांग म्हणजे झालं."

लेलँडने कोलाचे उचलला, खाऊन संपवला आणि निमूट सही केली. आता डोरीनची खरी परीक्षा होती. तिने काउंटर पुसायला घेतला. "पुढच्या वर्षीही नऊच धरू?"

"नऊ नको."

फडकं थांबलं.

"दहा धर. भाचीचं लग्न ठरलंय."

सप्टेंबरात पाटी लागली. तिच्यावरचा क्रौंच थेट टर्की कोंबडीसारखा दिसतो. रोज दोन खोल्या काही लागल्या नाहीत. छत अर्धं झालं, उरलेलं पुढच्या वर्षावर गेलं. पाटीचे पैसे मात्र वसूल झाले. कुबातांनी दिले, थोर्सनबाईंनी दिले, वेनने तर कुरकुर करत वरची चिल्लरही सोडली. बाहेरचं म्हणावं तर ओहायोचं एक जोडपं, तेही रस्ता चुकलेलं. आणि नोव्हेंबरात लिंकनहून डोरीनची बहीण आली, चार नंबरात उतरली. सकाळी ती उठायच्या आत डोरीनने आपल्या पर्समधून ऐंशी डॉलर काढून गल्ल्यात टाकले, आणि वर कराचे तीन डॉलर वीस सेंट.