पांढऱ्या जागेतले आकडे

माझ्या धाकट्या भावाला रिकामी जागा बघवायची नाही. भिंत मोकळी दिसली की खिळा ठोकणार, कपाटात खण रिकामा दिसला की काहीतरी आणून कोंबणार. दोन माणसं गप्प बसली असतील तर हा मध्ये जाऊन बडबडणार. त्याची बायको म्हणायची, याच्या तोंडाला कुलूप लावा. मी म्हणायचे, आधी हातांना लावा.

बोट आमच्या दोघांची. लहानशी, एका शिडाची, बाबांच्या मागे आमच्याकडे आलेली. या वेळी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती पलीकडच्या बंदरात दुरुस्तीला न्यायचं काम त्याच्या एकट्यावर आलं. जुन्या जीपीएसने मान टाकली होती. नवा घेतला, आणि त्यात कोणता नकाशा घालायचा ते ठरवायला मी काठी टेकत त्याच्याबरोबर दुकानात गेले. याला एकट्याला पाठवलं असतं तर जे जास्त चमकतं ते उचलून आला असता.

दुकान धक्क्यामागच्या गल्लीत. जमिनीवर दोरांची वेटोळी, दाराशी टांगलेली जाकिटं, काउंटरवर शेजारी शेजारी दोन स्क्रीन. दुकानदाराने दोन्हींत एकेक कार्ड घातलं आणि आमचाच किनारा काढून दाखवला.

पहिलं कार्ड सरकारी मोजणीवरून केलेलं. त्यात बेट आणि टोक यांच्यामधली खिंड पांढरी होती. एक आकडा नाही. तिथलं पाणी कोणी मोजलंच नव्हतं. आमच्या घरात पांढऱ्याचा एकच अर्थ, तिकडे फिरकायचं नाही. बेटाच्या बाहेरून, टोकाला लांबून वळसा घालायचा, आडव्या लाटा खायच्या, पोटातलं ओठावर आलं तरी चालेल, पण पांढऱ्यात शिरायचं नाही.

दुसरं कार्ड नवीन. ते ज्या ज्या बोटीवर असतं ती बोट चालता चालता आपल्याखालची खोली मोजते, फोनवरून कंपनीला पाठवते, आणि ते आकडे लगेच सगळ्यांच्या नकाशात येतात. या कार्डात खिंड पांढरी नव्हती. आकड्यांची एक रांग आत गेली होती. आठ मीटर, नऊ, आठ, पुन्हा नऊ. आमच्या बोटीला दोन मीटर पाणी म्हणजे चैन.

"बघितलंस ताई?" भाऊ म्हणाला. "इतकी वर्षं उगाच ओकत वळसे घातले आपण!"

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रांग खिंडीच्या मध्यापर्यंत जात होती आणि तिथेच संपत होती.

"ही बोट पुढे कुठे गेली?" मी विचारलं.

"गेली असेल पलीकडे," दुकानदार म्हणाला. "डोंगराआड रेंज जाते ना."

"मग पलीकडे निघाल्यावर रेंज आली नाही का? तिथून पुढे आकडे कुठे आहेत?"

"बंद केलं असेल हो त्यांनी."

"कोणाची बोट होती?"

"नावं देत नाही कंपनी."

मी भावाला म्हणाले, "अरे, खोली मोजणारं यंत्र बोटीच्या पोटाखालचं सांगतं, नाकासमोरचं नाही. खडकावर आपटेपर्यंत आकडे चांगलेच येणार!"

"झालं. हिला सगळीकडे भुतं दिसतात," तो दुकानदाराला म्हणाला, आणि दोघं हसले. मेल्यांनो, हसा. मला तेव्हा इतका संताप आला की काठीने ती स्क्रीन फोडावी असं वाटलं. मी सरळ सांगितलं, पहिलं कार्ड घे. तो म्हणाला, "नवं घेतो, पण जाईन बाहेरून वळसा घालूनच. शप्पथ. आता तरी कपाळावरच्या आठ्या काढ." आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मी त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, तरी टपली मारायचा.

तो निघाला त्या सकाळी मी खिडकीशी पाय लांब करून बसले होते. त्याचं कार्ड माझ्याही फोनला जोडून दिलं होतं, म्हणे तुला घरबसल्या करमणूक. बोट बंदरातून निघाली तसे तिच्यामागे आकडे उमटायला लागले. वारा चांगला होता. टोकाच्या अलीकडे आल्यावर तिने बाहेर वळायला हवं होतं. ती वळली नाही.

मी फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात त्याचाच निरोप आला, "ताई चिडू नकोस. पाणी काचेसारखं आहे. अर्ध्या तासात पलीकडे." मी बोलून निरोप पाठवला, नव्हे, ओरडले. फीर मागे, गाढवा, फीर मागे! तो निरोप त्याने ऐकला की नाही ते मला कधीच कळणार नाही.

आठ मीटर, नऊ, आठ. जुन्या रांगेच्या अगदी कडेने नवी रांग चालली होती. नऊ मीटर. मग काही नाही.

मी स्वतःला सांगत होते, रेंज गेली. दुकानदाराचं तेच वाक्य मी जपासारखं म्हणत होते. मग बचाव पथकाला फोन केला. त्यांची मोठी बोट खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, आत शिरेना. त्यांच्या नकाशात तिथे पांढरं होतं. ओहोटी लागल्यावर ते रबरी होडीतून आत गेले.

खडक पाण्याखाली हातभरच होता, उभा, खांबासारखा. त्याच्या सगळ्या बाजूंनी खोल पाणी. आमची बोट त्याच्या पायथ्याशी पडली होती. तिच्या खाली आणखी एक बोट होती, शेवाळ धरलेली. भाऊ सापडला तेव्हा त्याच्या अंगावर जाकीट होतं, पण कपाळ फुटलेलं होतं. माझ्या भावजयीला मी सांगितलं की त्याला काही कळलंही नसेल. हे खरं की खोटं, मला माहीत नाही. तिला काहीतरी सांगायलाच हवं होतं.

कंपनीला मी फोनवर फोन केले. त्या रांगा काढा. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणायची, बाई, मोजलेले आकडे बरोबर असतील तर काढता येत नाहीत. आकडे बरोबरच होते, हेच तर दुखणं!

शेवटी मी दुकानात गेले. काउंटरशी एक जोडपं उभं होतं, बायकोच्या कडेवर झोपलेलं मूल. दुकानदाराची पाठ माझ्याकडे होती. त्याचं बोट खिंडीवर होतं.

"इथे आधी एकच रांग होती," तो म्हणत होता. "आता दोन आहेत. दोन्हींत भरपूर पाणी."

"दोन्ही बोटी बुडाल्या!" मी दारातूनच ओरडले. "दुसरीत माझा भाऊ होता. रांगा जिथे संपतात तिथे खडक आहे, तो तुमच्या नकाशात नाही!"

दुकानदाराचा चेहरा उतरला. बाईने मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि ती दोन पावलं मागे सरली. तिच्या नवऱ्याने माझ्याकडे कळवळून बघितलं, खरंच कळवळून. मग तो पुन्हा स्क्रीनवर वाकला आणि दुकानदाराला हळूच म्हणाला,

"म्हणजे या दोन रांगांच्या जरा डावीकडून गेलं तर?"